पाहुण्याचा टॉवेल

लॉजच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात, एक बिनखिडकीची खोली आहे. तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर घड्याच घड्या. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, पायपुसणी. चौथ्या भिंतीला लांब टेबल आणि त्या टेबलाशी उभी असलेली टॉवेलताई. बसायला खुर्ची आहे तिला, पण खुर्चीवर कायम कसलं तरी गाठोडं बसलेलं असतं, आणि त्याला उठवायचं तिच्या जिवावर येतं.

हे नाव तिला कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही. मालक, मॅनेजर, खोल्या झाडणाऱ्या बायका, सगळे टॉवेलताईच म्हणतात. खरं नाव सहीपुरतं उरलंय.

धुलाईतून गाठोडी आली की ती एकेक टॉवेल उलगडून दिव्याखाली धरते. डाग, उसवलेली कड, चुकून राहिलेला केस. मग टॉवेल गालाला लावते. नव्या बायकांना हे बघून हसू येतं. तळहाताला ओल कळत नाही, गालाला कळते, असं ती सांगते. जरा जरी गार लागला तरी बाजूला. दमट टॉवेल घडीत गेला की दोन दिवसांत वास धरतो, आणि एकाचा वास अख्ख्या फळीला लागतो. नवीन धुतलेले टॉवेल नेहमी ढिगाच्या खाली सारायचे, वरचे काढत जायचे, म्हणजे सगळे सारखे झिजतात. नाहीतर वरचे चार टॉवेल मरेपर्यंत राबतात आणि खालचे कोरे राहून पिवळे पडतात. "माणसांचंही तसंच असतं," असं एकदा खोल्या झाडणारी एक बाई म्हणाली होती. त्यावर ताई नुसती हं म्हणाली. कामात असताना ती माणसांविषयी फारसं बोलत नाही.

कारण तिचं कामच मुळी माणूस पुसून टाकायचं आहे. काल रात्री या खोलीत कुणीतरी घोरलं, कुणी रडलं असेल, कुणी चहा सांडला असेल. सकाळी दाराला कुलूप लागलं की दुपारपर्यंत त्यातलं काही म्हणजे काही उरता कामा नये. पुढच्या पाहुण्याला वाटलं पाहिजे की ही खोली आजच जन्माला आली. इतकी वर्षं ताईने हे केलं आणि त्यात तिचा हात कुणी धरला नाही.

बांबूचे टॉवेल आले ते वरच्या मजल्यावरच्या खोल्यांसाठी. नमुना घेऊन आलेल्या माणसाभोवती सगळ्या बायका जमल्या होत्या.

"बांबूचा? म्हणजे अंग पुसायचं की सोलायचं?" एकीने विचारलं.

तो माणूस हसला. बांबूचा लगदा करतात, लगद्याचा धागा काढतात, मग विणतात, असं त्याने सांगितलं. ताईने त्याचं बोलणं ऐकलं की नाही कोण जाणे. टॉवेल एव्हाना तिच्या गालाला लागला होता, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथेच होता.

पुढे महिनाभरात तिला त्या टॉवेलचा स्वभाव कळला. कोरा असताना पाणी नीट पीत नाही, दोनतीनदा धुतला की मग पितो, आणि पितो म्हणजे केवढं! भिजला की दगडासारखा जड होतो आणि त्याच वेळी नाजूकही. पिळला की धागे ताणले जातात, म्हणून नुसता दाबून पाणी काढायचं. कडकडीत पाणी नको, ब्लीच नको. आणि ते कपडे मऊ करायचं निळं औषध तर मुळीच नको. त्याचा थर बसतो, टॉवेल वरून लोण्यासारखा लागतो आणि पाणी मात्र घेत नाही. झटकून, एकेरी पसरून, वाऱ्याला सावलीत घालायचा. वाळायला वेळ लावतो, पण घाई केली की खरखरीत होतो. विणीतल्या धाग्याचा एखादा फास बाहेर आला तर ओढायचा नाही, कात्रीने कापायचा.

ती हे सगळं त्या टॉवेलचं कौतुक केल्यासारखं सांगायची. तिच्या स्वतःच्या घरी मात्र न्हाणीच्या दाराआड एक टॉवेल होता, लॉजने बाद केलेला. इतका विरलेला की उन्हात धरला तर पलीकडची खिडकी दिसावी. एकट्या बाईला किती लागतो टॉवेल.

*

धाकट्याचा फोन आला तेव्हा ती घरी गॅलरीत होती.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. त्याच्याही नावाचं तिने केव्हाच मातेरं केलेलं. तो पाळण्यात असल्यापासून ती त्याला धाकट्या म्हणत आली आणि आता त्याच्या मिशा पिकल्या तरी तेच चालू होतं. आईवडील गेल्यावर त्याला वाढवलं तिनेच. तो मोठा झाला, लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर झाला आणि मग जो गेला तो गेला. आज या गावात, उद्या त्या. रात्र डेपोशेजारच्या कुठल्या तरी लॉजवर. लग्न झालं होतं, बायको फार लवकर वारली, मूल नव्हतं. वर्षाकाठी एकदा तो यायचा, उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि खालून हॉर्न वाजवून निघून जायचा.

"ताई, डोळ्यांनी दगा दिला बघ," तो फोनवर म्हणाला. "रात्री समोरून गाडी आली की एकाच्या दोन दिसतात. डॉक्टर म्हणाला, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

"मग?"

"मग काय. ऑपरेशन झालंय एका डोळ्याचं. तुझ्याकडे येऊ का काही दिवस? खोली मिळेपर्यंत."

"विचारतोस काय असा," ती म्हणाली. "ये."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तशीच उभी होती. 'खोली मिळेपर्यंत' हे शब्द तिने ऐकले होते, पण आत जाऊ दिले नव्हते. दोन खोल्या आहेत. तो एकटा, मी एकटी. आता कुठे जायचंय त्याला? तो इथेच राहील. संध्याकाळी दार उघडताना आत कुणाचा तरी खोकला ऐकू येईल. तिला याहून जास्त काही नको होतं, आणि हे तिने कुणाला सांगितलं नाही. धाकट्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बांबूचे दोन टॉवेल विकत आणले. वर्षानुवर्षं ड्रायव्हरच्या सीटला टेकून धाकट्याच्या पाठीला घामोळ्यांचे चट्टे पडले होते, साधा टॉवेल टोचायचा. तिने दोन्ही टॉवेल कोमट पाण्यात धुतले, वाळवले, पुन्हा धुतले. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घातलं. पलीकडच्या घरात राहणारी शिंपीणबाई आपल्या गॅलरीतून हे बघत होती.

"काय गं, जावई येतोय का?"

"मुलगी कुठून आणू? भाऊ येतोय."

"भाऊ? आणि त्याला इतका थाट? माझा भाऊ आला की मी त्याच्या हातात झाडू देते आधी."

"म्हणून येत नाही तो तुझ्याकडे."

"येतो की! झाडून जातो बिचारा." शिंपीण खळखळून हसली. तोंडात टाचण्या धरून हसायची सवय होती तिला. कधीतरी गिळेल एखादी, असं ताईला नेहमी वाटायचं.

*

धाकटा आला तो एक बॅग आणि काळा चष्मा घेऊन. बाहेरची खोली त्याला दिली. पलंगावर पांढरी चादर इतकी ताणून घातली होती की बसायला त्याला संकोच वाटला. पायथ्याशी टॉवेल, तीन पदरी घडी, कड आतल्या बाजूला.

"अरे वा," तो म्हणाला. "काय मऊ आहे गं. ससा आहे का काय?"

"बांबूचा आहे."

"बांबू? ताई, आयुष्यभर लोकांनी मला बांबूच दिला, पण इतका मऊ कुणी नाही दिला."

ती हसली. तिच्या घरात कुणी विनोद करून किती दिवस झाले होते.

पहिले काही दिवस सोन्यासारखे गेले, निदान तिचे तरी. ती पहाटे उठायची. धाकटा न्हाणीत गेला की त्याची खोली आवरायची. चादर झटकून ताणायची, उशी थोपटायची, कंगवा धुऊन आरशाला समांतर ठेवायची. वर्तमानपत्राची घडी. चपला दाराकडे तोंड करून. आंघोळ करून तो बाहेर यायचा तेव्हा ओला टॉवेल त्याच्या हातून जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायथ्याशी दुसरा कोरडा टॉवेल तीन पदरी घडीत हजर असायचा. एक अंगावर, एक दोरीवर. कामावर जाण्याआधी ती हे सगळं उरकायची, आणि जिना उतरताना तिच्या मनात एक शांत समाधान असायचं. लॉजवरच्या फळीइतकं नीट होतं सगळं.

"ताई, मी कप विसळतो."

"राहू दे, मी करते."

"अगं, बसून बसून माझं बूड दुखायला लागलंय."

"राहू दे म्हणते ना. तू आराम कर."

एकदा जेवताना तो म्हणाला, "एक विचारू? बिल रोजचं रोज देतेस की शेवटी एकदम?"

"चल, काहीतरीच!" ती इतकी खूश झाली की तिने त्याला आणखी भात वाढला.

आणखी एकदा तो न्हाणीतून बाहेर आला आणि दारातच थांबला. खोलीकडे पाहत राहिला. "मी दहा मिनिटं आत गेलो होतो," तो म्हणाला. "बाहेर येतोय तर इथे कुणी राहतच नाही."

ती तेव्हा त्याच्या उशीचा अभ्रा बदलत होती. तिला वाटलं, कौतुक करतोय.

तिचा स्वतःचा विरलेला टॉवेल त्याने एक दिवस न्हाणीच्या दाराआड पाहिला. तो चिमटीत धरून बाहेर घेऊन आला. "हा काय प्रकार आहे?"

"माझा आहे."

"आणि मला ससा?"

"मला चालतो रे."

"दोन आहेत ना. एक तू वापर, एक मी."

"मग तुला रोज धुतलेला कसा मिळेल?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून अजून पाणी यायचं, ते त्याने बोटाने टिपलं. "रोज धुतलेला मी मागितला का गं?" तो म्हणाला, पण इतक्या हळू की उत्तर द्यायची गरज नाही असं तिला वाटलं.

*

मग ती टॉवेल धुण्याची गोष्ट घडली.

ताईला लॉजवर उशीर होणार होता, एका लग्नाची माणसं उतरली होती. धाकट्याने दुपारी ठरवलं, आज आपण ताईला चकित करायचं. शिंपीणबाईकडून त्याने बादली, ब्लीच आणि ते निळं औषध मागून आणलं. पाणी उकळलं. दोन्ही टॉवेल, एक धुतलेला आणि एक न धुतलेला, असे एकत्रच बुडवले. पिवळेपणा निघेपर्यंत घासले. मग ड्रायव्हरच्या मनगटांनी पीळ पीळ पिळले आणि टळटळीत उन्हात गॅलरीच्या कठड्यावर टाकले. कठड्याला एक खिळा होता. काढताना एक टॉवेल त्यात अडकला, त्याने ओढला, आणि फासांची एक लांब रेघ उसवून बाहेर आली.

पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी ताई दारात आली तेव्हा तो एखाद्या शाळकरी मुलासारखा उभा होता. टेबलावर चहा, आणि खुर्चीच्या पाठीवर दोन टॉवेल, पुठ्ठ्यासारखे ताठ.

"बघ! सगळं काम केलं आज. तू फक्त बस."

ताईने टॉवेल हातात घेतला. गालाला लावला. लॉजवर एखादीने चूक केली तरी ती ओरडत नसे, स्वतः पुन्हा करून टाकत असे. तिच्या मते हा चांगुलपणा होता. तिने पदर खोचला, बादलीत गार पाणी भरलं, व्हिनेगर ओतलं आणि दोन्ही टॉवेल त्यात सोडले. मग कात्री आणून खाली बसली आणि उसवलेला एकेक फास कापायला लागली. चहावर साय धरली.

"बिघडलं का काही?" धाकट्याने विचारलं.

"नाही रे. राहू दे. मी करते."

तो थोडा वेळ तिच्या पाठीमागे उभा राहिला. मग आपल्या खोलीत गेला आणि ताणलेल्या चादरीच्या अगदी कडेला बसला.

दोन दिवसांनी त्याने सांगितलं, त्याचा जुना कंडक्टर डेपोमागे राहतो, त्याच्या वरची खोली रिकामी झालीय.

"छान आहे खोली," तो म्हणाला. "वारा येतो."

इथे येत नाही का वारा, असं तिला म्हणायचं होतं. राहा, असं म्हणायचं होतं. एकच तर शब्द. पण पाहुणा निघतो म्हणाला की त्याला अडवायचं नसतं, त्याचं सामान दारापर्यंत आणून द्यायचं असतं. एवढी वर्षं तिने तेच केलं होतं. तिचं तोंड उघडलं आणि त्यातून "बरं" एवढंच आलं.

जाताना तिने त्याच्या बॅगेत एक बांबूचा टॉवेल घातला. जुने दोन नाहीत. नवा, धुऊन तयार केलेला.

*

तो गेला त्याच दुपारी तिने बाहेरची खोली आवरली. चादर काढली, फरशी पुसली, पलंगाखाली वाकून पाहिलं, आरशावरचा शिंतोडा टिपला. सवयीने हात चालत राहिले. आणि मग ती दारात उभी राहून पाहू लागली, सगळं झालंय ना ते बघायला. सगळं झालं होतं. एक केस नाही, एक डाग नाही. खोलीत कधी कुणी आलंच नव्हतं.

ती तिथेच उंबऱ्याशी खाली बसली. निदान वर्तमानपत्र तरी ठेवायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं. त्याने कोडं अर्धंच सोडवलं होतं. पण ते एव्हाना रद्दीत, खालच्या ढिगात, सारखी घडी होऊन गेलं होतं.

त्यानंतरच्या संध्याकाळी फार लांबल्या. आधीही ती एकटीच होती, पण तेव्हा घरात शांतता होती. आता तिथे न आलेला खोकला होता. कुलूप उघडताना ती किल्ली जरा हळू फिरवायची, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. जेवण दोघांचं शिजायचं, सवय मोडायला वेळ लागला. उरलेलं शिंपीणबाईला द्यायची.

"गेला का तुझा बांबूवाला?" भांडं घेताना शिंपीण म्हणाली. "चांगला होता गं. माझ्या मशीनला तेल घालून गेला. ब्लीच मागायला आला तेव्हा तासभर बसला होता बोलत."

"काय बोलला?"

शिंपिणीने तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. म्हणजे ती नीट बोलणार होती.

"मी म्हटलं, मजा आहे बाबा तुमची, बहीण सेवा करतेय. तर म्हणाला, आयुष्य लॉजवर काढलं हो वहिनी. वाटलं होतं, आता तरी घरी जाऊ. तर ताईकडेही लॉजच. फार चांगला लॉज आहे, तक्रार नाही, असं म्हणून हसला. मग म्हणाला, बघू, आज दोन टॉवेल धुऊन टाकतो, जमलं तर राहीन म्हणतो."

ताईच्या हातात भांड्याचं झाकण होतं. ते तिने उगाच पुन्हा पुन्हा पुसलं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला काय माहीत, तू त्याला परीक्षेला बसवलंयस ते," शिंपीण म्हणाली. मग ताईचा चेहरा पाहून तिने आवाज उतरवला. "अगं, भाऊ आहे. जा की उठून. डेपो काय समुद्रापार आहे?"

*

रविवारी ती गेली. डेपोमागची गल्ली तेलाने काळी झालेली, वर चढायला लोखंडी जिना. धाकट्याने दार उघडलं आणि त्याचा चेहरा इतका उजळला की जिन्यात जुळवून आणलेले शब्द ती विसरली.

खोली म्हणजे नुसता पसारा. खुर्चीवर शर्ट, खिडकीत तीन कप, पलंगावरची चादर एका बाजूने लोंबणारी. भिंतीवर खिळा आणि खिळ्याला एक मळकट निळा टॉवेल, साधाच, एका टोकाला गाठ पडलेला. ताईने हात पाठीमागे बांधून घेतले, एकाने दुसऱ्याला धरून ठेवलं.

"बस, बस. हात धुऊन घे, जिना किती घाण आहे माहितीये मला."

तिने कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले. वळली तर धाकटा कपाटातून काहीतरी काढत होता. तिने दिलेला बांबूचा टॉवेल. तीन पदरी घडी, कड आतल्या बाजूला, जसा तिने बॅगेत घातला होता तसाच.

"हा घे. कोराच आहे. तू येशील तेव्हासाठी ठेवला होता."

तो मोठ्या प्रेमाने देत होता. त्यात टोमणा नव्हता, हेच तिला सोसवेना. ओल्या हातांनी ती त्या टॉवेलकडे पाहत राहिली, आणि पाणी बोटांवरून फरशीवर ठिबकत राहिलं. दोन्ही हात पुढे करून उभं राहिलेल्या पाहुण्याला कसं वाटतं, हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

ती भिंतीपाशी गेली आणि खिळ्यावरच्या निळ्या टॉवेलला हात पुसले.

"अगं, तो माझा आहे. ओला आहे अजून."

"असू दे." तिने तोंडही पुसलं. टॉवेलला डिझेलचा, घामाचा आणि कोंदट दमटपणाचा वास होता. "वास मारतोय."

"मारणारच. आठवडा झाला."

"शी!"

"बघ, आली बोलायला!" धाकटा खो खो हसला. "मला वाटलं, म्हणशील राहू दे, मी करते."

तिलाही हसू आलं, पण ते अर्ध्यातच मोडलं. "धाकट्या, परत चल," ती एका दमात म्हणाली, थांबली असती तर म्हणता आलं नसतं. "एकच टॉवेल मिळेल. आठवड्यातून एकदा बदलेन."

"धुणार कोण?"

"तू."

"उकळत्या पाण्यात?"

"शिव्या खाशील."

तो पलंगावर बसला. लोंबणारी चादर त्याने वर ओढली, ती दुसऱ्या बाजूने लोंबली. खालून एक बस वळण घेत गेली, आणि कुठला गिअर पडला ते त्याने नकळत मान हलवून मोजलं.

"नाही गं ताई," तो म्हणाला. "इथं बरं वाटतं मला. सकाळी डेपोतली मुलं येतात इंजिनाचं विचारायला. रात्री गाड्या येतात, आवाजावरून सांगतो कुठली ते." मग तिच्याकडे न बघता, "तू तेव्हाच म्हणाली असतीस ना, तर राहिलो असतो."

"बरं," ती म्हणाली. हे 'बरं' तिच्या तोंडून फार कष्टाने आलं.

त्याने चहा केला. खिडकीतल्या कपांपैकी दोन विसळले, नीट विसळले नाहीत. तिने तो चहा सगळा प्यायला. निघताना तो जिन्याच्या तोंडाशी आला.

"पुढच्या रविवारी येशील ना?"

"येईन."

"येताना साबण आण आंघोळीचा. संपलाय."

बसथांब्याशेजारी दुकान होतं. पुढच्या रविवारपर्यंत कशाला थांबायचं, आत्ताच घेऊन ठेवावा, म्हणून ती आत शिरली. भिंतभर साबण होते. तिने एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. मग फोन लावला.

"कुठला घेऊ?"

"कुठलाही घे गं."

"कुठलाही म्हणजे? तुला कुठला आवडतो?"

फोनमधून एका बसचा हॉर्न ऐकू आला.

"मला माहीत नाही," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच नवल होतं. "जिथं जो ठेवलेला असेल तो वापरत आलो."

"थांब मग." तिने फोन खांद्यात धरला आणि पहिला साबण नाकाशी नेला. "हा लिंबाचा आहे."

"नको, गाडी धुतल्यासारखं वाटतं."

"गुलाबाचा आहे एक."

"मी काय नवरी आहे?"

दुकानदार मान वर करून बघायला लागला. ताईने त्याच्याकडे पाठ केली. बाहेर तिची बस येऊन उभी राहिली, दोघे उतरले, एक चढला. ती तिसरा साबण हुंगत होती.

"याचा कसला वास आहे ते कळत नाही," ती म्हणाली. "कुणीतरी नुकतंच न्हाऊन गेल्यासारखा."

"मग तोच," धाकटा म्हणाला. "आणि ऐक, आत्ताच आणून दे की. सकाळपासून आंघोळ राहिलीय माझी."

बस निघून गेली. ती गल्लीकडे वळली.